आवर्ती रचना आणि ध्वनिनियंत्रण : एका कल्पनेचा तीनशे वर्षांचा प्रवास

१. प्रस्तावना

तुमच्या शहरात उड्डाणपूल किंवा मेट्रोचा उन्नत मार्ग असेल, तर त्याच्या कडेला उभारलेले ध्वनिरोधक तुम्ही पाहिले असतील. आवाज अडवायचा तर मध्ये भिंत घालायची आणि भिंत जितकी जड तितका आवाज कमी, हा त्यामागचा विचार आहे. तो चुकीचा नाही. भिंतीचे वस्तुमान दुप्पट केले की पलीकडे पोहोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो. ध्वनिशास्त्रात याला वस्तुमानाचा नियम म्हणतात.

प्रस्तुत पाठात आपण याहून वेगळ्या कल्पनेचा इतिहास पाहणार आहोत. ठरावीक अंतरावर ओळीने उभे केलेले दांडे डोळ्यांसमोर आणा. त्यांच्या फटींतून वारा जातो, पलीकडचे दिसते, हातही आरपार जातो. तरीही काही ठरावीक वारंवारतांचा आवाज त्यातून जवळजवळ जात नाही. अशा रचनेला आज ध्वनिस्फटिक म्हणतात. आवाज येथे दांड्यांच्या वजनामुळे अडत नाही. तो अडतो दांड्यांच्या मांडणीमुळे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक कोडे दिसेल. या परिणामाचे गणित १८८७ साली छापून आले होते. नळीतल्या हवेत तो १९२२ साली दाखवला गेला. मात्र उघड्या हवेत, दांड्यांच्या रचनेवर त्याची गाजलेली मोजणी झाली ती १९९५ साली, आणि तीही प्रयोगशाळेतल्या उपकरणावर नव्हे, तर एका शिल्पावर. उपकरणे आणि गणित दोन्ही हाताशी असताना एवढा काळ का लागला? हा प्रश्न मनात ठेवून पुढचे विवेचन वाचा.

२. पायऱ्यांनी दिलेला सूर

आपला पहिला साक्षीदार डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स आहे. फ्रान्समधील शाँतियी येथील राजवाड्याच्या बागेत एक कारंजे होते आणि त्याच्यासमोर दगडी पायऱ्यांचा मोठा जिना होता. कारंज्याचा आवाज म्हणजे नुसता खळखळाट. त्यात कोणताही एक सूर नसतो. पण जिन्याच्या बाजूने परतणाऱ्या आवाजात हायगेन्सला स्पष्ट सूर ऐकू आला. १६९३ साली त्याने याची नोंद केली. कारणही त्याने शोधले: प्रत्येक पायरीवरून येणारा प्रतिध्वनी आधीच्या पायरीच्या प्रतिध्वनीपेक्षा किंचित उशिरा पोहोचतो, आणि हा उशीर दर वेळी सारखाच असतो. पडताळा म्हणून त्याने पायरीच्या रुंदीइतकी लांब कागदाची नळी केली. त्या नळीतून त्याला तोच सूर मिळाला.

यामागचे गणित आपण आजच्या भाषेत मांडू. पायरीची रुंदी अ मानली, तर मागच्या पायरीपर्यंत जाऊन परत यायला आवाजाला २अ इतके जास्त अंतर कापावे लागते. हे जादा अंतर एका तरंगलांबीएवढे झाले की सगळ्या पायऱ्यांचे प्रतिध्वनी एका तालात येतात आणि परस्परांना बळ देतात. म्हणून,

वारंवारता = ध्वनीचा वेग ÷ (२ × अंतर)

पायरी ३० सेंटिमीटर रुंद आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर हे उत्तर सुमारे ५७२ हर्ट्झ येते. हे सूत्र लक्षात ठेवा. पुढच्या तीन शतकांत ते वेगवेगळ्या वेषांत पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

हायगेन्सने परत येणारा आवाज ऐकला. त्या सुरातली ऊर्जा परत आली म्हणजे पुढे गेलेल्या आवाजात ती तेवढी कमी असणार, ही या घटनेची दुसरी बाजू. तिच्याकडे लक्ष जायला फार काळ लागला.

३. कणांची साखळी आणि थरांचे माध्यम

त्याच सुमारास, १६८७ साली, न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाला होता. ध्वनीचा हवेतला वेग काढण्यासाठी न्यूटनने हवेची कल्पना एका रेषेत सारख्या अंतरावर असलेल्या, शेजाऱ्यांना स्प्रिंगसारखे ढकलणाऱ्या कणांची साखळी अशी केली. त्याचे उत्तर खऱ्या वेगापेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी आले. ध्वनिलहरीत हवा दाबली जाताना तापते, ही गोष्ट हिशेबात घेऊन लाप्लासने एकोणिसाव्या शतकात ती त्रुटी दूर केली. वेगाचे उत्तर चुकले तरी सारख्या अंतरावरच्या कणांची साखळी हे चित्र मात्र टिकले.

अठराव्या शतकात लाग्रांजने सारखे मणी ओवलेल्या ताणलेल्या दोरीचा अभ्यास केला. अशा दोरीचा एक विशेष असा, की तिच्या कंपनांना वरची मर्यादा असते. अखंड दोरी कितीही उच्च वारंवारतेने कंप पावू शकते. मणी ओवलेली दोरी त्या मर्यादेपलीकडची लहर पुढे जाऊच देत नाही.

१८८७ साली लॉर्ड रॅले याने आवर्ती रचना असलेल्या माध्यमातून लहरी कशा जातात याचे विवेचन प्रसिद्ध केले. त्याआधी, १८८३ साली, फ्लोके या फ्रेंच गणितज्ञाने आवर्ती सहगुणक असलेल्या समीकरणांचा सिद्धान्त मांडला होता. रॅलेने दाखवले की थर सारख्या अंतरावर पुन्हा पुन्हा येत असतील, तर वारंवारतेच्या एका अरुंद पट्ट्यात लहर आत शिरू शकत नाही. ती जवळजवळ पूर्णपणे परत फिरते. प्रत्येक थर अगदी थोडेच परावर्तन करणारा असला तरी हे घडते. काही स्फटिक एकाच रंगाने का झळाळतात, याचा उलगडाही त्याने याच विचाराने केला. आज आपण ज्याला निषिद्ध पट्टा म्हणतो, तो हाच. म्हणजे सिद्धान्त तयार होता. ‘ध्वनीचा सिद्धान्त’ हा ग्रंथ लिहिणाऱ्या माणसानेच तो मांडला होता. तरीही दांडे उभे करून आवाज अडवायचा विचार त्यातून निघाला नाही.

४. टेलिफोनच्या तारेकडून ध्वनीकडे

पुढचे पाऊल आले ते टेलिफोनच्या धंद्यातून. लांब तारेवरून बोलणे अस्पष्ट होत जाई. १८९९-१९०० च्या सुमारास अमेरिकेत कॅम्पबेल आणि प्युपिन यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की तारेवर ठरावीक अंतराने वेटोळी बसवली तर बोलणे दूरवर स्पष्ट पोहोचते. यासाठी वेटोळ्यांमधले अंतर तरंगलांबीच्या मानाने पुरेसे लहान हवे. अंतर वाढले, तर वरच्या वारंवारता अडतात. हा परिणाम एका परीने अडचणीचा होता. कॅम्पबेलने त्याचाच उपयोग करून घेतला आणि हवा तो पट्टा जाऊ देणारी, नको तो अडवणारी विद्युत गाळणी तयार केली.

१९२२ साली अमेरिकन ध्वनिशास्त्रज्ञ जी. डब्ल्यू. स्टुअर्ट याने ही गाळणी ध्वनीला लागू केली. वेटोळी आणि धारित्रे यांच्या जागी त्याने नळीला ठरावीक अंतरावर पोकळ्या आणि शाखा जोडल्या. नळीच्या एका टोकाकडून सोडलेल्या आवाजातला ठरावीक पट्टाच दुसऱ्या टोकाला पोहोचला. आज वाहनाच्या सायलेन्सरमध्ये कप्पे आणि छिद्रे यांची जी रचना असते, तिचे गणित याच घराण्यातले आहे.

तेव्हा आवर्ती रचनेने ध्वनी अडवण्याचे श्रेय अलीकडच्या काळाला देऊन टाकू नका. नळीत, म्हणजे एका मितीत, हे काम शंभर वर्षांपूर्वी झाले होते. नळीत आवाजाला एकच वाट असते. उघड्या हवेत तो सगळ्या दिशांनी येतो आणि कडेने वळसाही घालतो. खरी अडचण तेथेच होती.

५. स्फटिक, प्रकाश आणि बंगळूर

दरम्यान भौतिकशास्त्राचे लक्ष स्फटिकांकडे वळले होते. १९१२-१३ मध्ये लाउए आणि ब्रॅग पितापुत्र यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकातील अणूंची मांडणी उलगडली. ब्रॅगच्या नियमात किरण समोरून सरळ येतो असे धरा, म्हणजे हायगेन्सच्या पायऱ्यांचे सूत्र जसेच्या तसे मिळते. १९२८ साली ब्लॉखने स्फटिकातील इलेक्ट्रॉनच्या लहरींना हाच आवर्ती विचार लावला. धातूतून वीज वाहते आणि विसंवाहकातून वाहत नाही, याचे स्पष्टीकरण त्यातून उभे राहिले.

या कथेत भारताचे स्थान कोठे आहे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. ते बंगळूरला आहे. द्रवातून श्राव्यातीत ध्वनी सोडला की त्यात दाट-विरळ असे सारख्या अंतरावरचे पट्टे तयार होतात. त्यांतून प्रकाश गेला तर तो जाळीतून गेल्यासारखा विवर्तित होईल, असे भाकीत ब्रिल्वाँने १९२२ साली केले होते. १९३२ साली अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये तसे प्रयोगाने दिसलेही. पण दिसलेली चित्रे साध्या सिद्धान्ताशी जुळत नव्हती. १९३५-३६ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन आणि एन. एस. नागेंद्र नाथ यांनी भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात लेखमाला लिहून त्याचे समाधानकारक विवेचन केले. ‘रामन-नाथ विवर्तन’ हे नाव आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. येथे भूमिका उलट आहेत, हे ध्यानात घ्या: ध्वनी हीच आवर्ती रचना, आणि तिच्या ताब्यात येतो तो प्रकाश.

१९४६ साली ब्रिल्वाँने आवर्ती रचनांतील लहरींवर पुस्तक लिहिले. त्याची सुरुवात न्यूटनच्या साखळीपासून होते आणि विद्युत गाळण्या व स्फटिकांची जालके हे दोन्ही विषय त्यात एकत्र येतात. वेगवेगळ्या दालनांत वाढलेल्या कल्पना एकच आहेत, हे त्याने एका ग्रंथात दाखवून दिले.

६. माद्रिदचे शिल्प

१९८७ साली याब्लोनोविच आणि जॉन यांनी स्वतंत्रपणे असा विचार मांडला, की पदार्थाची आवर्ती रचना माणसाने स्वतः घडवली तर प्रकाशालाही निषिद्ध पट्टा मिळू शकेल. या लेखांनंतर एक साहजिक प्रश्न पुढे आला: मग ध्वनीला का नाही? १९९२ साली सिगालास व इकॉनोमू यांनी आणि १९९३ साली कुशवाह व त्यांच्या सहकाऱ्यांनी लवचीक पदार्थांच्या आवर्ती रचनांची गणिते प्रसिद्ध केली.

आता मोजणी हवी होती. माद्रिदमध्ये हुआन मार्च प्रतिष्ठानाच्या आवारात एउसेबियो सेम्पेरे या शिल्पकाराचे एक शिल्प आहे. गोल चौथऱ्यावर पोलादाच्या पोकळ नळ्या चौकोनी जाळीत उभ्या आहेत. प्रत्येक नळीचा व्यास २.९ सेंटिमीटर आणि शेजारच्या नळ्यांच्या केंद्रांमधले अंतर १० सेंटिमीटर. शिल्पकाराने ते डोळ्यांसाठी केले होते. स्पॅनिश संशोधकांनी त्याच्या एका बाजूला ध्वनीचा स्रोत व दुसऱ्या बाजूला मायक्रोफोन ठेवून मोजणी केली. १९९५ साली ‘नेचर’मध्ये मार्तिनेझ-साला आणि सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. १६७० हर्ट्झच्या आसपास आवाज ठळकपणे क्षीण होत होता. आपल्या सूत्रात अंतर १० सेंटिमीटर घाला: ३४३ ÷ ०.२ = १७१५ हर्ट्झ. दोन्ही आकडे किती जवळ आहेत ते पाहा. शाँतियीच्या पायऱ्यांचेच गणित येथे पोलादी नळ्यांत दिसले.

पण येथे घाईने निष्कर्ष काढू नका. एका दिशेने जाणारा आवाज क्षीण होणे वेगळे आणि कोणत्याही दिशेने येणारा आवाज अडणे वेगळे. त्या शिल्पात नळ्यांनी व्यापलेली जागा एकूण क्षेत्राच्या फक्त ६.६ टक्के आहे; दिलेल्या मापांवरून हा आकडा तुम्ही स्वतः काढू शकता. इतक्या विरळ रचनेत सर्व दिशांना लागू पडणारा पूर्ण पट्टा मिळत नाही, असा आक्षेप सैद्धान्तिक गणितावरून घेण्यात आला, आणि तो रास्त होता. नंतर १९९८ साली स्पेनमध्येच अधिक दाट रचनांवर प्रयोग करून प्रश्नाचा उलगडा पुढे नेण्यात आला. गाजलेला प्रयोग आणि त्यावरचा रास्त आक्षेप, दोन्ही मिळून इतिहास पूर्ण होतो. परीक्षेत फक्त पहिला भाग लिहून थांबू नका.

७. खर्जाची अडचण

या सूत्रातच रचनेची मोठी मर्यादा दडलेली आहे. टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा आवाज साधारण १००० हर्ट्झच्या आसपास जोरकस असतो. तो अडवायला दांड्यांमध्ये सुमारे १७ सेंटिमीटर अंतर पुरते. पण अवजड वाहनाची घरघर १०० हर्ट्झच्या आसपास असेल, तर अंतर १.७ मीटर हवे. परिणाम दिसायला अशा काही रांगा लागतात. म्हणजे रस्त्याच्या कडेला कित्येक मीटर रुंदीची पट्टी द्यावी लागेल. आपल्या शहरांत ती कोठून आणायची?

२००० साली हाँगकाँगमधील संशोधकांनी या कोंडीतून एक वाट काढली. ‘सायन्स’मधील लेखात लिऊ आणि सहकाऱ्यांनी १ सेंटिमीटर व्यासाच्या शिशाच्या गोळ्यांवर सिलिकॉन रबराचा २.५ मिलिमीटर थर दिला आणि त्या १.५५ सेंटिमीटर अंतराने इपॉक्सीत बसवल्या. जड गोळी आणि मऊ रबर मिळून एक छोटा डोलणारा अनुनादक होतो. बाहेरची लहर त्याच्या स्वाभाविक वारंवारतेच्या जवळ आली की गोळी उलट्या तालात हलते आणि लहरीला पुढे जाऊ देत नाही. यामुळे ४०० हर्ट्झच्या सुमारास आवाज अडला. इपॉक्सीत त्या आवाजाची तरंगलांबी काही मीटर असते. गोळ्यांमधले अंतर त्याच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी होते. पायऱ्यांचे सूत्र येथे लागू नाही, कारण काम मांडणीपेक्षा अनुनाद करतो. मात्र हा लाभ अरुंद पट्ट्यापुरताच मिळतो, आणि वाहतुकीचा आवाज एका सुरात येत नाही.

मोठ्या मापावरही प्रयत्न झाले. स्पेनमध्ये झाडे जाळीच्या आकारात लावून आवाजाचे क्षीणन मोजले गेले. फ्रान्समध्ये ग्रनोब्लजवळ जमिनीत ५ मीटर खोल छिद्रांच्या रांगा खणून ५० हर्ट्झची भूपृष्ठलहर अडते का हे पाहिले गेले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार लहरीची ऊर्जा मोठ्या प्रमाणात स्रोताकडे परतली. पण इमारतींना घातक ठरणारी भूकंपाची कंपने बहुधा काही हर्ट्झची असतात, हे विसरून चालणार नाही.

८. मोजपट्टी कोणाची?

भारतात ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४० ही मर्यादा त्यांत आहे. ही मोजणी ‘ए’ भारांकनाने होते. माणसाचा कान मंद आवाजातला खर्ज कमी ऐकतो, म्हणून या भारांकनात १०० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १९ डेसिबल वजा धरले जातात. १००० हर्ट्झला काहीच वजा होत नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. १००० हर्ट्झला जुळवलेला ध्वनिस्फटिक रस्त्याकडेला लावला, तर मोजणीचा आकडा चांगला उतरेल. पण रात्री मालमोटारीची घरघर पातळ भिंतीतून आणि बंद खिडकीतूनही घरात येते, कारण वस्तुमानाच्या नियमाप्रमाणे खर्ज अडवायला जास्त जड भिंत लागते. त्या घरातल्या माणसाला पडलेला फरक आकड्यापेक्षा कमी असू शकतो. शिवाय आवर्ती रचना आवाज नष्ट करत नाही. ती तो परत पाठवते. रस्त्याच्या एका बाजूला ती उभारली, तर परतलेला आवाज दुसऱ्या बाजूच्या वस्तीकडे जाईल. म्हणून प्रत्यक्ष रोधक बनवताना दांड्यांत आवाज शोषणारा पदार्थ आणि अनुनादक पोकळ्याही घालाव्या लागतात. कोणती वारंवारता अडवायची आणि परतलेला आवाज कोणाच्या दारात सोडायचा, याची उत्तरे सूत्रात नाहीत. ती ठरवणारे अभियंते, नगररचनाकार आणि नागरिक तुमच्यामधूनच येणार आहेत.

९. समारोप

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. रॅलेचे गणित होते, स्टुअर्टची नळी होती, ब्रिल्वाँचा ग्रंथ होता. तरी १९९५ पर्यंत थांबावे लागले. याची दोन कारणे सांगता येतात. पहिले, एका मितीतून दोन-तीन मितींत जाताना गणिते फार वाढतात आणि ती करायला संगणक लागतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे: प्रश्न कोणी विचारला नव्हता. टेलिफोनवाल्यांना तार हवी होती, स्फटिकवाल्यांना अणू हवे होते. प्रकाशाच्या अभ्यासकांनी रचना स्वतः घडवण्याची भाषा आणली, तेव्हा ध्वनीच्या अभ्यासकांना आपल्याच जुन्या ठेव्याकडे नव्याने पाहता आले. विज्ञानाच्या इतिहासात उत्तर आधी आणि प्रश्न मागाहून, असे अनेकदा घडते. दुसऱ्या विषयाचे पुस्तक उघडण्याची सवय म्हणूनच उपयोगी पडते.

विचारासाठी प्रश्न

१. एका वसाहतीजवळच्या जनित्राचा आवाज मुख्यतः १२५ हर्ट्झचा आहे. दांड्यांमधले अंतर किती ठेवावे लागेल? ही योजना व्यवहार्य आहे का, ते कारणांसह लिहा.

२. ध्वनीचा वेग ५ अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३३४ मीटर आणि ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर असतो. १० सेंटिमीटर अंतराच्या रचनेत अडणारी वारंवारता हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत किती सरकेल?

३. ‘आवर्ती रचनेने ध्वनी अडवण्याचा शोध १९९५ साली लागला’ या विधानाचे परीक्षण करा.

४. तुमच्या गावातील घाट, प्रेक्षागार किंवा लांब पायऱ्यांसमोर टाळी वाजवून प्रतिध्वनी ऐका. पायरीची रुंदी मोजा आणि हायगेन्सच्या तर्काने सुराची वारंवारता काढा.